ममताचं आमेन

रुआबांध्याच्या प्रणिताबाई साळवे प्रार्थनेला बसल्या की बायांच्या डोळ्यांना पाणी यायचंच. भिलाईत मराठी ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारची उपासना हिंदीत व्हायची, म्हणून मनातलं मराठीत बोलायला बायांना बुधवारची संगतीच काय ती उरायची. उन्हं कलल्यावर कोणाच्या तरी घरी सतरंजी अंथरायची, दोन गीतं म्हणायची आणि डोळे मिटून थांबायचं. मग प्रणिताबाई खालच्या आवाजात सुरू करायच्या. कोणाचे गुडघे, कोणाची रुसून माहेरी बसलेली सून, कोणाच्या पोराची स्टील प्लांटमधली अप्रेंटिसशिप. एकेकीचं दुखणं त्या नावानिशी असं प्रभूपुढे ठेवायच्या की त्या बाईला वाटायचं, आपल्याला स्वतःला हे इतकं नीट सांगता आलं नसतं.

या गुणाचा त्यांनी कधी तोरा मिरवला नाही. पण तो आपल्यापाशी आहे, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्यांचे यजमान माणिकराव रेल मिलमधून रिटायर झालेले. फार न बोलणारे. माणिकरावांचे थोरले भाऊ शेषराव हुडको कॉलनीत एकटे राहायचे. उभी नोकरी ब्लास्ट फर्नेसवर गेलेली, कानांनी कमी ऐकू यायचं, गुडघे कामातून गेलेले. बायको वारली होती आणि एकुलता एक मुलगा शुभंकर हैदराबादला होता. प्रणिताबाई महिन्यातून एखाद्या वेळी फळं घेऊन थोरल्या दिरांना भेटून यायच्या. रोजचं मात्र शेजारची ममता बघायची.

ममता हुडकोच्या बाजारात एका मेडिकल स्टोरच्या काउंटरवर बसायची. नवरा सोडून गेलेला, घरात ती आणि शाळेत जाणारी मुलगी मोना. तिच्या भाड्याच्या घराची आणि शेषरावांच्या घराची मागच्या अंगणातली भिंत एकच होती. शेषरावांना काही लागलं की ते त्या भिंतीवर पितळी लोटा वाजवायचे. पलीकडून ममता लाटणं वाजवून उत्तर द्यायची आणि पाच मिनिटांत दारात हजर व्हायची. पुढे ती त्यांना स्कूटीवर बसवून चर्चलाही आणू लागली. आणता आणता स्वतः बसू लागली. मग बुधवारच्या संगतीलाही यायला लागली. कोपऱ्यात बसायची, गीतं येत नव्हती तरी ओठ हलवायची.

एकदा प्रणिताबाई हुडकोला गेल्या तेव्हा दार उघडंच होतं. शेषराव खुर्चीत बसलेले आणि ममता खाली फरशीवर. त्यांचा पाय तिने मांडीवर घेतला होता आणि ती नखं कापत होती. म्हातारा कशाला तरी हसत होता. प्रणिताबाई हातात केळ्यांची पिशवी घेऊन उंबऱ्यात उभ्या राहिल्या. त्यांना आत कुठेतरी टोचलं. काय टोचलं, ते बघायला त्या थांबल्या नाहीत.

घरी आल्यावर त्या माणिकरावांना म्हणाल्या, "कोणी कोणाचा पाय उगाच मांडीवर घेत नाही. त्या घरावर नजर आहे तिची."

माणिकराव पेपर वाचत होते. "असल बी," ते म्हणाले. "पण भाऊची नखं कापल्या गेली ना?"

प्रणिताबाईंच्या मनातून मात्र ते जाईना. रविवारी ममता शेषरावांना हात धरून चर्चच्या पायऱ्या चढवायची, तेव्हा त्या बघायच्या. तिने त्यांना नवा स्वेटर आणून दिला, तेव्हा मनात म्हणाल्या, आता पेरून राहिली, मग कापल. एकीदोघींजवळ हळूच बोलल्याही. बोलताना आवाज काळजीचा असायचा.

मार्च संपता संपता संगती प्रणिताबाईंच्याच घरी होती. गीतं झाली, सगळ्यांनी डोळे मिटले, प्रणिताबाईंनी सुरुवात केली. मध्येच दार वाजलं, चपला काढल्याचा आवाज आला. ड्यूटीवरून उशिरा येणारी एकच बाई होती. प्रणिताबाईंनी डोळे उघडले नाहीत. एक श्वास थांबल्या आणि पुढे म्हणाल्या, "प्रभू, आमच्यात जे सेवा करतात पण ज्यांची नजर म्हाताऱ्या माणसाच्या घरावर असते, त्यांचं मन तू शुद्ध कर. त्यांचा लोभ काढून टाक, आणि आमच्या भाबड्या वडीलधाऱ्यांना राख."

नाव घेतलं नव्हतं, आणि घ्यायची गरजही नव्हती. बायांनी "आमेन" म्हटलं. सगळ्यांचं म्हणून झाल्यावर, थोडं मागून, दाराजवळून आणखी एक आमेन आलं. आवाज साधा होता, त्यात रडू नव्हतं की राग नव्हता.

डोळे उघडले तेव्हा ममता पदर सावरून बसलेली होती. तिने चहा घेतला, कप धुऊन ठेवला, "येतो काकू" म्हणाली आणि गेली. त्यानंतर ती संगतीला आली नाही, रविवारीही आली नाही.

काही दिवसांनी शेषरावांचा फोन आला. "प्रणिता, ममता येऊन नाही राहिली. कावून वं?"

"तिले काम असल, भाऊजी."

"लोटा वाजवला तर येते. पण उभ्या उभ्याच पाहून जाते. बसत नाही. पहिल्यासारखी बोलत नाही."

प्रणिताबाईंनी मग स्वयंपाकाला एक बाई लावून दिली. ती सकाळी येऊन पोळ्या-भाजी करून जायची. मोनाच्या शाळेला उन्हाळ्याच्या सुट्या लागल्या तशी ममता मुलीला घेऊन बोरसीला भावाकडे राहायला गेली. तिथूनच ड्यूटीवर ये-जा करू लागली. जाताना शेषरावांना सांगून गेली होती.

मे महिन्यातल्या एका दुपारी शेषराव मागच्या अंगणातल्या न्हाणीत पाय घसरून पडले. मोबाइल पुढच्या खोलीत चार्जिंगला लावलेला होता. बाहेर गरम वाऱ्याची लू चालली होती, गल्लीत चिटपाखरू नव्हतं, घराघरांत कूलर घरघरत होते. सरपटत ते अंगणातल्या भिंतीपर्यंत आले असावेत. दुसऱ्या दिवशी सकाळी पोळ्यांची बाई आली तेव्हा ते भिंतीला टेकून पडलेले दिसले. लोटा एका बाजूने चेपला होता आणि भिंतीचा चुना वीतभर जागेत निघून खाली विटा दिसत होत्या.

हॉस्पिटलमध्ये त्यांना शुद्ध होती. माणिकराव डॉक्टरांकडे गेले की प्रणिताबाई खाटेजवळ बसायच्या. शेषराव छताकडे बघत म्हणाले, "मी वाजवलं. तिकडून कोणी वाजवलंच नाही."

"ममता बोरसीले आहे, भाऊजी."

"हो. विसरलो होतो मी." मग म्हणाले, "ते नाराज झाली माह्यावर. माह्याच तोंडून काहीतरी गेलं असल. तुले काई बोलली का?"

प्रणिताबाई म्हणाल्या, "नाही. तुम्ही काई नाही बोलले." एवढंच. त्यापुढचं वाक्य त्यांच्या जिभेपर्यंत आलं होतं. आज सांगू की उद्या, असं करता करता न्यूमोनिया झाला आणि शेषराव गेले. ममताच्या मनाला लागेल असं आपणच काहीतरी बोललो, हा समज घेऊनच ते गेले.

दफनाला ममता आली होती. लांब उभी राहिली, मूठभर माती टाकली आणि कोणाशी न बोलता स्कूटीवर बसून निघून गेली. मंडळीतल्या बाया प्रणिताबाईंचा हात धरून म्हणाल्या, "तुम्ही किती केलं त्यांचं." त्या संध्याकाळी कोणी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

मग ते सुरू झालं. पुढच्या बुधवारी बायांनी डोळे मिटले, वाट पाहू लागल्या. प्रणिताबाईंनीही मिटले. आणि पापण्यांच्या आत, दाराच्या बाजूने, सगळ्यांच्या मागून एक आमेन ऐकू आलं. अजून प्रार्थना सुरूसुद्धा झाली नव्हती. त्यांनी डोळे उघडले. दारात कोणी नव्हतं. घसा बसल्याचं सांगून त्यांनी दुसरीला प्रार्थना करायला लावली. त्याच्या पुढच्या बुधवारीही घसा बसलेलाच राहिला.

घरात माणिकरावांनी ओट्यावर स्टीलचा पेला ठेवला तरी त्या दचकायच्या. कपडे धुताना हात थांबायचा आणि त्या भिंतीकडे कान लावायच्या. त्यांची भिंत कोणाच्या घराला लागून नव्हती, तिच्या पलीकडे रिकामा प्लॉट होता. तरी त्या ऐकत राहायच्या. आणि एक प्रश्न त्यांना सोडत नव्हता. त्या दिवशी चपलांचा आवाज आला, आपण एक श्वास थांबलो. ते शब्द आधीच मनात तयार होते, की ममता आली हे कळल्यावर तयार झाले? त्या आठवून आठवून बघायच्या. स्वतःचंच मन, पण त्याच्या तळाशी काय आहे ते दिसायचं नाही.

जूनमध्ये शुभंकर घर रिकामं करायला आला. प्रणिताबाई मदतीला गेल्या. कपाटातले कपडे काढत असताना मागच्या भिंतीतून धप्प, धप्प असा आवाज आला. त्यांच्या हातातला स्वेटर खाली पडला. त्या अंगणात गेल्या. विटा उघड्या पडल्या होत्या तिथे त्यांनी तळवा टेकवला. भिंत हाताखाली थरथरत होती.

"काकू, क्या हुआ?" शुभंकर मागे येऊन म्हणाला. "ममतादीदीनं घर सोडलं ना, बाजूला फरशीचं काम चालू आहे. मकानमालिक करवा रहा है."

त्या आत आल्या. खोकी बांधता बांधता शुभंकर म्हणाला, "ममतादीदीनं एकदा मला फोन केला होता, पिछले साल. म्हणाली, भैया, कभी घर बेचोगे तो पहले मुझे बताना. आता विकायचंच आहे तर बोललो तिला. पण मना कर दिया. नको म्हणाली."

प्रणिताबाई सुतळीची गाठ मारत होत्या. त्यांना पहिलं एवढंच ऐकू आलं, की ममताने घराबद्दल विचारलं होतं.

त्या संध्याकाळी त्या पोटभर जेवल्या. कित्येक दिवसांत अन्नाला चव अशी लागलीच नव्हती. माणिकरावांना वाढता वाढता त्यांनी सगळं सांगितलं आणि म्हणाल्या, "मी म्हटलं होतं ना. होतीच नजर."

माणिकरावांनी घास खाली ठेवला. बायकोकडे बघत ते हळूच म्हणाले, "तुले बरं वाटून राहिलं का?"

प्रणिताबाई पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. खिडकीतून प्लांटच्या बाजूचं आभाळ लाल झालेलं दिसत होतं, भट्टीतला तापलेला स्लॅग ओतला की होतं तसं. बरं वाटत होतं, हे खरंच होतं. एका माणसाच्या मनात खोट निघाली म्हणून आपल्याला भूक लागली होती. भिंतीच्या आवाजाने जेवढ्या त्या घाबरल्या नव्हत्या, तेवढ्या या भुकेने घाबरल्या.

दुसऱ्या दिवशी त्या पाळकसाहेबांकडे गेल्या. सूर्यकांत पाळक मूळचे रायपूरच्या जुन्या मराठी घरातले, वयाने प्रणिताबाईंपेक्षा लहान, पण सगळे त्यांना साहेब म्हणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. प्रणिताबाई शेवटी म्हणाल्या, "मले फक्त खरं समजलं पाहिजे, साहेब. ते घरासाठी करत होती की मायेनं? तेवढं समजलं की माह्या मनाले शांती मिळल."

"घरासाठी करत होती असं निघालं, तर तुमचं पाप कमी होईल?"

प्रणिताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"बाई, तिनं काय केलं ते तुम्हाला दिसत होतं," पाळक म्हणाले. "नखं कापली, औषध दिलं, चर्चला आणलं. त्यात काही वाईट असतं, तिनं काही उचलून नेलं असतं, तर तोंडावर विचारायचा तुम्हाला हक्क होता. मंडळीत तो हक्क असतो. पण तुम्ही कृत्य सोडून तिच्या आत शिरलात. तिथं बसायची जागा फक्त एकाची आहे. तुमचा अंदाज बरोबर होता की चूक, हा प्रश्नच नाही. बरोबर निघाला असता तरी तुम्ही त्याच्या जागेवर बसला होतात. आणि त्यालाच ऐकवायच्या बहाण्यानं तिला ऐकवलंत."

बाहेर कोणाची तरी स्कूटी सुरू होत नव्हती, कोणी किक मारत होतं. प्रणिताबाईंनी विचारलं, "मग आता काय करू?"

"तिला सांगा. सुटका होईल म्हणून नाही. ती माफ करेल की नाही, तेही तिच्या आतलं आहे."

बोरसीला भावाच्या घरी ममताची खोली वरच्या मजल्यावर होती. आता ती तिथेच राहू लागली होती. प्रणिताबाई गेल्या तेव्हा ती मोनाच्या शाळेच्या ड्रेसला इस्त्री करत होती. तिने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पुन्हा इस्त्री हातात घेतली.

"मी त्या दिवशी प्रार्थना केली," प्रणिताबाई म्हणाल्या, "ते प्रार्थना नव्हती. तुले बोलले मी. आणि भाऊजी गेले ते समजत गेले का त्यांचंच काही चुकलं. मी त्यांना सांगितलं नाही. त्यांनी विचारलं होतं."

ममताची इस्त्री थांबली. "काकाजींनी विचारलं होतं?"

"हो."

ममताने इस्त्रीचं बटण बंद केलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण आवाज कोरडाच होता. "हे तुम्ही मले नसतं सांगितलं तर बरं झालं असतं, काकू."

प्रणिताबाईंनी मान खाली घातली. मग त्या म्हणाल्या, "मी चूक होते, ममता. तू मनानं साफ होती. देवमाणसासारखं केलं तू त्यांचं."

"नका," ममता म्हणाली. "पहिले तुम्ही मले चोर बनवलं. आता देवमाणूस बनवून राहिल्या. दोन्ही वेळी तुम्हीच सांगता का माह्या मनात काय होतं." ती खाटेच्या कडेवर बसली. "मलेच माहीत नाही, काकू. माह्या बापाचे पाय मले कधी दाबायले मिळाले नाहीत, म्हणून जायची. कधी घरात एकटीले बसवत नव्हतं, म्हणून जायची. कधी कंटाळा यायचा, तरी लोटा वाजला की उठायची. आणि हो, कधी मनात यायचं का हे घर आपल्याले मिळालं तर मोनाले भाड्याच्या घरातून फिरावं नाही लागणार. येत होतं मनात. तुम्ही प्रार्थनेत बोलल्या, तर मले वाटलं का यांना दिसलं. म्हणून आमेन म्हटलं मी. खरंच म्हटलं. मन साफ झालं पाहिजे म्हणून. आणि मग वाटलं, जोवर साफ होत नाही तोवर त्या घरात बसायचं नाही."

इतके दिवस प्रणिताबाईंना वाटत होतं की ममता अपमानाने दूर झाली. ती शब्द खरे मानून दूर झाली होती. एका बाईने प्रणिताबाईंच्या तोंडून देवच बोलतो आहे असं समजून म्हाताऱ्यापासून पाऊल मागे घेतलं होतं. खोलीत गरम कपड्याचा वास होता. खाली भावाची मुलं भांडत होती.

"माफ कर," त्या म्हणाल्या.

ममताने उठून चहा टाकला. दोघींनी तो प्यायला. जिन्यापर्यंत सोडायला ती आली आणि म्हणाली, "मी येईन चर्चले. कधी ते नाही सांगत. तुमच्याजवळ नाही बसणार."

ऑगस्टमध्ये ती आली आणि मागच्या बाकावर बसली. उपासना संपल्यावर "सलाम, काकू" म्हणून निघून गेली. तेवढंच नातं राहिलं. ना तुटलं, ना जुळलं.

प्रणिताबाईंनी संगतीची जबाबदारी दुसरीकडे दिली. त्या येतात, सतरंजीच्या कडेला बसतात. मोठ्याने प्रार्थना करणं सुटलंच. एखादी बाई कोणाच्या सुनेसाठी प्रार्थना करा म्हणता म्हणता "तिच्या मनात ना खरं म्हणजे" असं सुरू करते, तेव्हा त्या एवढंच म्हणतात, "तिले काय लागते ते सांग. कावून, ते राहू दे." नव्या बायांना हे जरा तुसडं वाटतं. भिंतीतला आवाज त्यांना अजून येतो. रोज येत नाही. आला की त्या हातातलं काम थांबवतात आणि तो जाईपर्यंत उभ्या राहतात. माणिकराव आता विचारत नाहीत.

या हिवाळ्यात मोनाला टायफॉइड झाल्याचं चर्चमध्ये कळलं. प्रणिताबाईंनी मुगाची पातळ खिचडी केली, डब्यात भरली आणि ऑटोने बोरसीला गेल्या. वाटेत त्यांनी स्वतःला विचारलं, कशासाठी जातो आहोत? पोरीच्या मायेनं, की ममताने बघावं म्हणून, की आपला जीव हलका व्हावा म्हणून? ऑटो रेल्वे फाटकापाशी बराच वेळ उभा होता. मालगाडीचे डबे संपत नव्हते. उत्तर काही आलं नाही.

जिना चढून त्यांनी दार वाजवलं. मोनाने उघडलं, चेहरा उतरलेला, अंगावर शाल.

"मम्मी ड्यूटी पे है, आजी," ती म्हणाली.

"असू दे. खिचडी आहे. गरम आहे तोवर खा."

मोनाने डबा घेतला. प्रणिताबाईंनी तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप उतरला होता. मग कठडा धरून त्या हळूहळू जिना उतरू लागल्या.